१४ सायटेशन्स म्हणजे कमीच का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात रिसर्चचे आकडे, म्हणजे सायटेशन्स (एका पेपरचा पुढच्या पेपरांनी दिलेला संदर्भ) वगैरे, कसे काढतात यावर एक छोटं टिपण आलं होतं, त्यात जाता जाता लिहिलं होतं की छोट्या विषयांना हे आकडे लावताना जरा जपून. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या अख्ख्या टिपणावर नाही आली. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे कोणाचंच छापत नाही. लांबलेली पत्रं थोडी छाटलीयेत, राग नसावा.

प्रश्न : मॅडम, मी ज्या विषयात पीएचडी करतेय त्यात जगभर मिळून दोन-तीनशे लोक काम करत असतील. माझ्या पहिल्या पेपरला चार वर्षांत १४ सायटेशन्स आलेत. मैत्रीण कॅन्सर बायॉलॉजीत आहे, तिच्या पेपरला दोन वर्षांतच शंभरच्या वर गेलेत. आता घरचेही विचारायला लागलेत की तुझं कुठे अडलंय. आमचं काम खरंच हलकं आहे का?

उत्तर : नाही हो. आणि "विषय छोटा म्हणून सायटेशन्स कमी" हे जे सगळे म्हणतात ना, तेही अर्धंच खरं आहे. जरा आकडेमोड करू, सोपी आहे.

समजा एक मोठा विषय आहे, त्यात वर्षाला ५००० पेपर येतात, प्रत्येक पेपरच्या शेवटी ४० संदर्भ, आणि त्यातले निम्मे म्हणजे २० गेल्या दोन वर्षांतल्या पेपरांचे. म्हणजे वर्षाला एक लाख सायटेशन्स ही गेल्या दोन वर्षांतल्या दहा हजार पेपरांत वाटली जाणार, सरासरी आली १०. आता तुमचा विषय घ्या. वर्षाला १०० पेपर, प्रत्येकात १५ संदर्भ, त्यातला गेल्या दोन वर्षांतला जेमतेम एक, बाकी सगळे जुने. म्हणजे १०० सायटेशन्स २०० पेपरांत, सरासरी ०.५. वीसपट फरक! पण हा फरक लोक कमी आहेत म्हणून पडलेला नाहीये, कारण याच १०० पेपरवाल्यांनी उद्या मोठ्या विषयासारखे संदर्भ द्यायला सुरुवात केली तर २००० सायटेशन्स २०० पेपरांत, सरासरी परत १०. लोक कमी असले की संदर्भ देणारे कमी होतात तसे घेणारेही कमी होतात. फरक पडतो तो सवयीने, एका पेपरमागे किती संदर्भ देतात आणि ते किती जुने असतात याने. सायटेशन इंडेक्सचे जनक यूजीन गारफिल्ड स्वतः हे पुन्हा पुन्हा सांगायचे, पण ते कोणी ऐकलं नाही.

विषयाचा आकार नडतो तो वरच्या टोकाला. तुमच्या विषयातल्या झाडून सगळ्यांनी तुमचाच पेपर साइट केला, म्हणजे संदर्भात घेतला, तरी वर्षाला १०० च्या वर जाणार नाही, तिकडे ती मर्यादा ५००० आहे. म्हणून स्टार मंडळी, हायली साइटेड याद्या, एच-इंडेक्स (एच इतक्या पेपरांना प्रत्येकी निदान एच सायटेशन्स, तो आकडा), या सगळ्यात छोट्या विषयांचं डोकं आधीच छताला टेकलेलं असतं. एच-इंडेक्स २००५ मध्ये काढला होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्याने, आणि त्याच पेपरमध्ये त्याने म्हटलंय की विषयाविषयांत फरक असतो, तेव्हा एकाचा एच दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचा नाही. आपण मात्र बरोब्बर तेच करतो.

तेव्हा मैत्रिणीशी तुलना सोडाच. तुमच्याच विषयात, तुमच्याच वर्षी आलेल्या पेपरांना किती आलेत ते बघा. आणि आणखी एक, ते १४ पेपर काढून वाचा, एका दुपारचं काम आहे. कोणी नुसतं प्रस्तावनेत नाव घेऊन पुढे गेलंय, कोणी तुमची पद्धत उचलून स्वतःच्या डेटावर चालवलीये, कोणी तुमच्याशी भांडलंय. शंभरवालीला हे जमणार नाही, तिला आकड्यावरच समाधान मानावं लागतं. तुम्हाला मात्र प्रत्येक सायटेशनचं नाव-गाव माहीत असू शकतं, आणि व्हायव्हात किंवा इंटरव्ह्यूला "या दोन ग्रुप्सनी माझी पद्धत वापरली" हे वाक्य कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त वजनाचं पडतं.

प्रश्न : सायटेशन इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर एकच ना? आणि हे खूळ काढलं कोणी?

उत्तर : एक नाही. इंडेक्स म्हणजे यादी, कुठल्या पेपरला पुढे कोणी कोणी संदर्भात घेतलं याची. कल्पना आली वकिलांकडून. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड्स सायटेशन्स नावाची सोय होती, एखाद्या जुन्या निकालाचा आधार घ्यायचा तर तो निकाल नंतर कोणी मानला, कोणी फिरवला ते तिथे बघायचं. गारफिल्डनी १९५५ मध्ये सायन्स मासिकात लिहिलं की विज्ञानातही असं पाहिजे, म्हणजे चुकीचा ठरलेला पेपर लोक डोळे मिटून वापरत राहणार नाहीत. मग १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला, पुढे १९७३ मध्ये सोशल सायन्सेसचा, १९७८ मध्ये आर्ट्स आणि ह्युमॅनिटीजचा. आजचं वेब ऑफ सायन्स ते हेच. स्कोपस आणि गूगल स्कॉलर हे असेच इंडेक्स, पण दोन्ही बरेच नंतरचे, २००४ चे.

इम्पॅक्ट फॅक्टर हा त्या यादीतून काढलेला जर्नलचा आकडा. गेल्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या मालाला यंदा किती सायटेशन्स आली, भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी अर्विंग शेर यांनी हा भागाकार काढला तो इंडेक्समध्ये कुठली जर्नल्स घ्यायची हे ठरवायला, कारण नुसती एकूण सायटेशन्स मोजली असती तर मोठी, जाडजूड जर्नल्सच आत आली असती आणि छोटी पण महत्त्वाची बाहेर राहिली असती. म्हणजे ज्या आकड्याच्या नावाने आज छोटी जर्नल्स बोटं मोडतात तो निघालाच मुळी छोट्यांवर अन्याय होऊ नये म्हणून. त्याचं पुढे प्रमोशनचं तिकीट कसं झालं तो वेगळा आणि जरा रडकाच विषय आहे.

प्रश्न : मी एका छोट्या जर्नलचा संपादक आहे, वर्षाला दहा-बारा पेपर छापतो. आमचा इम्पॅक्ट फॅक्टर एका वर्षी ०.६ वरून १.२ झाला, सगळ्यांनी अभिनंदन केलं. पुढे परत ०.५ वर आला आणि आता प्रकाशक विचारतायत की क्वालिटी का घसरली. आम्ही तर काहीच बदललं नव्हतं.

उत्तर : बदललं नव्हतंच, म्हणून तर. वर्षाला दहा पेपर म्हणजे दोन वर्षांचे २०, त्यांना १२ सायटेशन्स, आकडा ०.६. आता त्यातल्या एकाच पेपरचा कुठेतरी उपयोग झाला आणि त्याला एकट्याला आणखी १२ आली की २४ भागिले २०, झालं १.२. तो पेपर दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडला की तुम्ही परत मूळ जागी. यात ना तुमचं कौतुक होतं ना तुमची चूक.

आणि हे फक्त चिल्लर जर्नल्सचं होतं असं नाही. प्रकाशकांना अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलची गोष्ट सांगा. २००८ मध्ये त्यात जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख आला, शेलएक्स या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या इतिहासावर, आणि त्यात लिहिलं होतं की हे प्रोग्राम वापरले तर हा लेख साइट करा. स्फटिकांची रचना काढणारं जवळपास प्रत्येकजण ते सॉफ्टवेअर वापरतं. एका लेखाला सहा हजारांहून जास्त सायटेशन्स आली आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ वरून थेट ४९.९२६! बाकीचे पेपर जसे होते तसेच होते. दोन वर्षांनी तो लेख खिडकीबाहेर गेला आणि आकडा परत दोनच्या आसपास आला. मग त्या जर्नलची क्वालिटी पंचवीसपट वाढून परत कोसळली असं म्हणायचं का?

तीन-चार वर्षांची सरासरी दाखवा, पाच वर्षांच्या खिडकीचा आकडा मिळत असेल तर तो पुढे करा, आणि सोबत कुठल्या पेपरला किती आली ही यादीच जोडून द्या. वीस ओळींची तर यादी असते, प्रकाशकांनी वाचायला हरकत नसावी.

प्रश्न : मी कोळ्यांच्या वर्गीकरणावर काम करतो. नवीन प्रजातीचं वर्णन छापणारी जर्नल्स मोजकीच, त्यामुळे आमचे निम्म्याहून जास्त पेपर एकाच जर्नलमध्ये जातात. कमिटीतले एकजण म्हणाले की या जर्नलचं सेल्फ-सायटेशन (आपल्याच जर्नलमधल्या पेपरांना साइट करणं) फार आहे म्हणजे काहीतरी गडबड आहे. त्यांना काय सांगू?

उत्तर : त्यांना झूटॅक्साचं सांगा. २००१ मध्ये सुरू झालेलं हे जर्नल, प्राण्यांच्या नव्या प्रजातींचा फार मोठा वाटा एकटं तेच छापतं. २०२० च्या जूनमध्ये क्लॅरिव्हेटने, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या कंपनीने, ३३ जर्नल्सना सेल्फ-सायटेशन जास्त म्हणून यादीतून बाजूला काढलं, त्यात झूटॅक्साही होतं. जगभरचे टॅक्सॉनॉमीवाले खवळले आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं की जर विषयाचं निम्मं साहित्य आमच्याच जर्नलमध्ये असेल तर आम्ही संदर्भ द्यायचा कोणाचा? महिन्याभरातच झूटॅक्साला परत आत घेतलं गेलं. आणि बघा, इम्पॅक्ट फॅक्टर फुगवायचाच असता तर तो एकच्या आसपास कशाला राहिला असता! नव्या प्रजातीची तुलना जुन्या वर्णनांशी करावी लागते, ती दहा, पन्नास, शंभर वर्षांपूर्वीची असतात, दोन वर्षांच्या खिडकीत ती सायटेशन्स मोजलीच जात नाहीत.

तुमच्या विषयाचं खरं दुखणं तर याच्याही पलीकडचं आहे, आणि ते कमिटीला बहुधा माहीतच नसतं. प्रजातीच्या नावामागे लेखक आणि साल लिहायची पद्धत आहे, होमो सेपियन्स लिनियस, १७५८ अशी. ते लिहिलेलं असतं, पण लिनियसचा ग्रंथ शेवटच्या संदर्भसूचीत कोण टाकतं? कोणीच नाही. तसंच तुमचं. तुम्ही एका कोळ्याला नाव दिलंत, पुढे इकॉलॉजीवाल्यांनी ते पन्नास पेपरांत वापरलं, कोणी त्याच्या विषावर काम केलं, कोणी जाळ्याच्या धाग्यावर, पण मूळ वर्णनाचा पेपर सूचीत नाही म्हणून तुमच्या खात्यात शून्य. त्याच पेपरांत आकडेमोडीचं सॉफ्टवेअर मात्र इमानदारीत साइट केलेलं असतं. इंडेक्स फक्त सूची वाचतो, मजकुरातलं नाव त्याला दिसत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं काम सगळ्यात कमी मोजलं जातं, आणि मग त्याच आकड्यावर बोट ठेवून सांगायचं की या विषयात दम नाही, पोस्ट भरू नका. पोस्ट भरली नाही की लोक कमी, लोक कमी की पेपर कमी, आणि दहा वर्षांनी कोणीतरी दारात नमुना घेऊन उभं राहतं की ही प्रजाती कुठली ते सांगा, तेव्हा सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

करता येण्यासारखं म्हणजे, तुम्ही दिलेली नावं गूगल स्कॉलरमध्ये अवतरणचिन्हांत टाकून शोधा, किती पेपरांत वापरली गेली त्याची यादी सायटेशन्सच्या शेजारी लावून द्या. नमुन्यांचा डेटा जीबीआयएफवर (जगभरच्या सजीवांच्या नोंदींचा खुला साठा) टाकला असेल तर तो कोणी कुठल्या पेपरसाठी वापरला तेही तिथे दिसतं. आणि तुम्ही स्वतः रिव्ह्यूअर असाल तेव्हा लेखकांना मूळ वर्णनं सूचीत टाकायला सांगा, संकोच करू नका.

प्रश्न : मी जुन्या हस्तलिखितांवर काम करते. एका ग्रंथाची संपादित आवृत्ती काढायला नऊ वर्षं गेली. चार ठिकाणी परीक्षणं आली, लोक ती वर्गात वापरतात, पण माझ्या प्रोफाइलवर त्या पुस्तकापुढे ० दिसतो. तांत्रिक चूक आहे का?

उत्तर : थोडी तांत्रिक आहे, बाकीची मुळातलीच आहे.

तांत्रिक आधी. वेब ऑफ सायन्समध्ये साइटेड रेफरन्स सर्च म्हणून एक सोय आहे, लायब्ररीतून बघता येईल. त्यात आडनाव आणि पुस्तकाच्या नावाचे पहिले एक-दोन शब्द टाका. मग दिसेल की तुमचं पुस्तक तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, दोन वेगळ्या सालांनी, कुठे खंड पहिला तर कुठे नुसतंच नाव, कुठे तुमच्याऐवजी मूळ ग्रंथकर्त्याच्या नावावर, असं विखुरलेलं आहे. संपादित आवृत्त्यांचं हे हमखास होतं, कारण ज्याने ग्रंथ लिहिला तो आठशे वर्षांपूर्वी गेला आणि सायटेशन्स त्याच्या नावावर जमा होतायत. ही सगळी गोळा करून हाताने यादी करा, चाळीस-पन्नास तरी निघतील असा माझा अंदाज.

आता मुळातली. इंडेक्सला दिसतं ते इंडेक्सच्या आत आलेल्या जर्नल्समधलंच. तुमच्या विषयातले लोक पुस्तकं लिहितात, स्मृतिग्रंथांत लेख देतात, परिषदांच्या संग्रहांत छापतात. वेब ऑफ सायन्सने पुस्तकांचा वेगळा इंडेक्स काढला तोच २०११ मध्ये, आणि त्यातही सगळी पुस्तकं येतात असं नाही. ह्युमॅनिटीजच्या जर्नल्सना तर २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर देतच नव्हते, कारण दोन वर्षांच्या खिडकीत तिथे काही अर्थच निघत नाही. २०२३ मध्ये द्यायला लागले, आणि त्याच वर्षी आकडा तीन दशांशांवरून एका दशांशावर आणला, त्यामुळे आता एकाखाली एक किती तरी जर्नल्स ०.१, ०.२ वर रांगेत उभी आहेत. हा आकडा बघून कोणी काय ठरवावं देव जाणे.

शिवाय भाषा आणि लिपी. स्कोपस काय किंवा वेब ऑफ सायन्स काय, जर्नल आत घ्यायला इंग्लिश शीर्षक आणि सारांश हवा, संदर्भसूची रोमन लिपीत हवी. कॉम्प्युटरला जुळवाजुळव करायला सोपं पडतं हे मान्य, पण ज्या विषयाची साधनंच दुसऱ्या लिपीत आहेत त्यांनी प्रत्येक संदर्भ रोमनमध्ये उतरवायचा, उतरवताना प्रत्येकजण स्पेलिंग वेगळं करणार, आणि मग ती सायटेशन्स परत विखुरणार, म्हणजे अट पाळूनही हातात काही नाही.

मला याहून जास्त काळजी वाटते ती पुढच्या पिढीची. तुमचं पुस्तक झालं, ते टिकेल. पण आज जे कोणी या विषयात येतंय त्याला पहिल्याच वर्षी कळतं की नऊ वर्षांची आवृत्ती परवडणार नाही, त्यापेक्षा त्याच हस्तलिखिताच्या एकेका पानावर सहा लेख काढावेत, तेही इंग्लिशमध्ये, आणि शीर्षकात दोन-तीन फॅशनचे शब्द घालावेत म्हणजे बाहेरचा कोणीतरी साइट करेल. असं होत होत विषय हळूहळू स्वतःच्या साधनांपासून लांब सरकतो. कोणी हुकूम काढलेला नसतो, फॉर्ममध्ये एक रकाना असतो बस.

प्रश्न : पेपर रिव्ह्यूला दिला होता, रिव्ह्यूअरने पाच पेपर साइट करा म्हणून सांगितलं, पाचही एकाच लेखकाचे. उघड आहे की तो स्वतःच आहे. करायचं का? आणि आमच्या विषयातल्या काही जणांनी सुचवलंय की आपण एकमेकांना मुद्दाम साइट करत जाऊ म्हणजे विषय वर येईल. हे बरं आहे का?

उत्तर : पहिल्याचं आधी. मोठ्या विषयात असं झालं तर मी सरळ म्हणेन की एडिटरला कळवा. छोट्या विषयात जरा थांबा, कारण तुमच्या मुद्द्यावर जगात लिहिणारेच चार जण असतील तर रिव्ह्यूला पेपर त्यातल्याच एकाकडे जाणार, आणि त्याचे पेपर खरोखर संबंधितही असू शकतात. पाचही वाचा. जे लागू पडतात ते घ्या, बाकीच्यांबद्दल उत्तराच्या पत्रात लिहा की हा पेपर अमुक कारणाने आमच्या मुद्द्याशी जोडता आला नाही. तक्रारीचा सूर नको, कारण तेवढं द्या. एडिटर शहाणा असेल तर समजून जातो. एडिटरच जर मागणी करत असेल की आमच्या जर्नलमधले गेल्या दोन वर्षांतले पेपर घाला, तर मात्र ते वाईटच. "गेल्या दोन वर्षांतले" हे शब्द आले की समजायचं की हिशोब इम्पॅक्ट फॅक्टरचा चाललाय.

दुसऱ्याला ठाम नाही. ब्राझीलमधल्या चार मेडिकल जर्नल्सनी एकमेकांना साइट करून आकडे वर न्यायचा असा प्रकार केला होता, २०१३ मध्ये तो उघड झाला आणि चौघांचेही आकडे रोखले गेले. छोट्या विषयात तर हे लगेच उठून दिसतं. २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने हायली साइटेड संशोधकांच्या यादीतून अख्खं गणितच वगळलं, कारण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे गणितात एकेका उपविषयात माणसं मोजकी, सायटेशन्स एकूणच कमी, त्यामुळे थोडीशी फुगवाफुगवी झाली तरी यादी वेडीवाकडी होते. चार-दोघांच्या हुशारीपायी बाकीचे सरळमार्गीही बाहेर. तुमच्या मित्रांना हे वाचायला द्या.

प्रश्न : मी निवड समितीवर असतो. अर्ज ढीगभर येतात, सगळं वाचणं शक्य नाही, आणि प्रत्येक विषयाचं ज्ञानही नाही. आकडे नकोत तर मग काय बघायचं ते एकदा सांगाच.

उत्तर : आकडे नकोत असं कोणी म्हणत नाहीये. २०१३ मध्ये जाहीर झालेलं सॅन फ्रान्सिस्को डिक्लरेशन, ज्याला डोरा म्हणतात, ते एवढंच म्हणतं की जर्नलच्या आकड्यावरून माणसाची पारख करू नका. २०१५ च्या लायडन मॅनिफेस्टोत दहा तत्त्वं आहेत, त्यातलं पहिलंच असं की आकड्याने तज्ज्ञाच्या मताला आधार द्यावा. तिथेच विषयागणिक सवयी वेगळ्या असतात हे धरा असंही आहे, आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला सांभाळा असंही.

तुम्ही म्हणाल मग विषयानुसार दुरुस्त केलेले आकडे घेऊ. घ्या, पण एक पाहून घ्या. ते दुरुस्त करताना जर्नल कुठल्या तरी खान्यात टाकावं लागतं, आणि वेब ऑफ सायन्सचे असे खाने अडीचशेच्या आसपास आहेत. कोळ्यांच्या वर्गीकरणाचा वेगळा खाना नसतो, ते झूऑलॉजीत जातं आणि तिथे त्याची तुलना प्राण्यांच्या शरीरक्रियेवरच्या पेपरांशी होते, ज्यांच्या सवयी अगदीच वेगळ्या. विषय जितका छोटा तितकी ही दुरुस्ती लंगडी.

मी असते तर अर्जदाराला सांगितलं असतं की तुमची तीनच कामं द्या, प्रत्येकाखाली चार ओळी लिहा की हे काम पुढे कोणी, कशासाठी वापरलं. छोट्या विषयातल्या माणसाला हे लिहायला अजिबात जड जात नाही, त्याला वापरणारे माहीत असतात. मग त्यातला एक पेपर आणि त्याला साइट करणारे दोन पेपर स्वतः उघडून बघा, विषय कळला नाही तरी संदर्भ कुठे आलाय, नुसता कंसात की दोन परिच्छेद खर्चून, हे कोणालाही दिसतं. शेवटच्या फेरीत पाच-सहाच जण उरतात, तेवढं तर होईल ना. आणि ते होत नसेल तर समितीची बैठक कशाला, एक्सेल शीटच सही करेल.

प्रश्न : "पंधरा दिवसांत स्कोपस जर्नलमध्ये पब्लिकेशनची गॅरंटी" असा मेल आला. जर्नलचं नाव तर खरंच यादीत आहे.

उत्तर : नाव खरं, वेबसाइट खोटी असू शकते. बंद पडलेल्या किंवा फक्त छापील निघणाऱ्या छोट्या जर्नल्सची नावं आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) उचलून हुबेहूब नकली साइट उभी करतात, पैसे घेतात, पेपर कुठेच इंडेक्स होत नाही. स्कोपसच्या सोर्स लिस्टमधून जर्नल शोधा, अलीकडच्या अंकांतले पेपर तिथे दिसतात का ते बघा, दिसणारे विषय मेलवाल्या साइटशी जुळतात का बघा. पंधरा दिवसांत रिव्ह्यू करून देतो म्हणणाऱ्याकडे तसंही जाऊ नका.

प्रश्न : आमचं जर्नल कुठल्याच मोठ्या इंडेक्समध्ये नाही आणि एवढ्यात जाईल असंही वाटत नाही. पैसे नाहीत. तोवर काही करता येतं का?

उत्तर : बरंच. आता खुले इंडेक्सही उभे राहिलेत, २०२२ मध्ये ओपनअॅलेक्स सुरू झालं, फुकट आहे, आणि वेब ऑफ सायन्स, स्कोपस या मोठ्या दोघांपेक्षा जास्त जर्नल्स घेतं. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठाने तर २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद करून याच्यावर भर द्यायचं ठरवलं. त्यात चुका आहेत, लेखकांची नावं एकमेकांत मिसळतात, पण निदान तुम्ही त्यात दिसता.

दिसायला पहिलं काम म्हणजे डीओआय, प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख क्रमांक. तो देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सभासदत्व एकट्याला महाग पडत असेल तर एखाद्या विद्यापीठाच्या लायब्ररीमार्फत किंवा दोन-चार जर्नल्स मिळून घ्या. आणि डीओआय घेताना फक्त शीर्षक-लेखक भरून थांबू नका, प्रत्येक पेपरची संदर्भसूचीही जमा करा. बरीच छोटी जर्नल्स हे कंटाळ्याने टाळतात. सूची जमा केली की तुमच्या लेखकांनी ज्यांना साइट केलंय त्यांच्या खात्यात ती सायटेशन्स जातात, आणि ती मंडळी बहुतेक तुमच्याच विषयातली असतात. २०२२ पासून क्रॉसरेफमध्ये जमा झालेल्या सगळ्या सूच्या खुल्या असतात, कोणीही वापरू शकतं. लेखकांकडून ऑर्किड नंबर (संशोधकाचा ओळख क्रमांक) घ्या म्हणजे नावांचा घोळ होणार नाही, आणि जुने अंक स्कॅन करताना ज्यात शब्द शोधता येतात अशी पीडीएफ करा, नुसते फोटो टाकू नका, गूगल स्कॉलरला त्यातलं काही वाचता येत नाही. जुन्या अंकांचे डीओआय सावकाश घेतले तरी चालतील, त्यांची फी नव्या पेपरांपेक्षा कमी असते. सुरुवात मात्र ज्या अंकांचे संदर्भ लोक अजूनही देतात त्यांच्यापासून करा, सुरुवातीच्या अंकांपासून क्रमाने नको.